ओतून झाल्यावर सांगणार होते

पूर्वी तगर नगरीवर सुवर्मा राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व धनक नावाच्या ओताऱ्याकडे भाता ओढण्याच्या कामाला होता. तो म्हातारा होता. सगळे त्याला आजा म्हणत.

धनक काशाच्या घंटा ओतायचा. त्या ओताऱ्यांची एक रीत होती. भट्टीतला रस साच्यात पडत असताना कुणी तोंड उघडायचे नाही. बोललेला शब्द काशात अडकतो आणि घंटा जन्मभर बद्द वाजते, असे ते मानीत. धनकाची बायको वारली होती. पाच वर्षांची रेवा त्याच्या पायाशीच वाढत होती, म्हणून ही रीत त्याने तिला चालायच्या आधी शिकवली. त्याने ओठांवर बोट ठेवले की ती गप्प होई.

शेजारीण एकदा म्हणाली, "आमची कार्टी झोपेतसुद्धा भांडतात. चार दिवस पाठवू का तुमच्याकडं?"

"पाठवा की. दोन दिवसांत गप्प करून देतो," धनक म्हणाला.

भात्यावरून आजा म्हणाला, "मालक, काशाला बोलतं करता आणि पोरीला मुकं."

"तू भाता ओढ, आजा," धनक हसून म्हणाला.

पुढे राजाने नगराच्या वेशीसाठी मोठी घंटा सांगितली. एका मुशीतल्या रसाने ती भरणारी नव्हती. तीन मुशी लागणार होत्या. पहिल्या मुशीतला रस थिजायच्या आत दुसरीतला पडायला हवा, नाहीतर आत सांधा राहतो. म्हणून भाता क्षणभरही थांबवायचा नव्हता.

ओतायचा दिवस आला. सकाळी पहिली मूस ओतायला सुरुवात झाली. तेवढ्यात रेवा मागच्या लाकडांच्या ढिगाकडून एका पायावर लंगडत आली. तिने बापाच्या धोतराचा सोगा ओढला. धनकाची नजर रसाच्या धारेवर होती. त्याने मान न वळवता एका हाताचे बोट ओठांवर ठेवले. रेवाने मान हलवली आणि ती भिंतीशी जाऊन बसली. दोन्ही हातांनी तिने पाऊल घट्ट धरले होते. तिचे डोळे वाहत होते, कपाळावर घाम आला होता, ओठ निळे पडत होते. तिच्या तोंडून आवाज मात्र निघाला नाही.

आजाने ते पाहिले. भाता सोडला तर घंटा जाणार, हे त्याला माहीत होते. त्याने भाता सोडला.

"मालक, पोरीला काहीतरी चावलंय!"

धनकाने वळून पाहिले, पण आजाकडे, रेवाकडे नाही. मग त्याने दुसरी मूस चिमट्यात धरली आणि तो ओतत राहिला. आजा पोरीला उचलून धावत वैद्याकडे गेला.

वैद्याने पाऊल पाहिले. "लाल विंचू आहे. इतका वेळ काय करत होतात तुम्ही?"

आजा रेवाला म्हणाला, "बाळ, हाक का नाही मारलीस?"

"रस पडत होता ना. ओतून झाल्यावर सांगणार होते."

तीन दिवस ती जगते की मरते असे चालले होते. ती जगली. घंटा साच्यातून निघाली ती बद्द वाजली. धनकाने आजाला दारातून बाहेर काढले.

"तू बोललास, म्हणून माझी घंटा गेली."

"ती बोलली असती, तर मला बोलावं लागलं नसतं," आजा म्हणाला आणि निघून गेला.

धनकाने घंटा पुन्हा ओतली. ती चांगली वाजली, राजाने त्याला शेला पांघरवला. रेवा मोठी झाली, परगावी नांदायला गेली. धनक म्हातारपणी अंथरुणाला खिळला तेव्हा ती आली, त्याच्या उशाशी बसली. तिने त्याचे सगळे नीट केले.

"बोल गं काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू, बाबा?"

तिच्या मनात राग नव्हता. ती खरेच आठवून पाहत होती. बापाला सांगावे असे काही तिला सापडले नाही.

ही कथा शास्त्याने जेतवनात एका गृहस्थाला सांगितली. माझी मुले इतकी गुणी, की माझ्यासमोर तोंड उघडत नाहीत, असे तो कौतुकाने सांगत आला होता. लेकरू गप्प आहे म्हणजे ते सुखात आहे, असे बापाला वाटणे किती सोपे आहे.

शास्ता म्हणाला, "त्या वेळचा ओतारी आज तुझा थोरला मुलगा आहे. भाता ओढणारा म्हातारा मीच होतो."

गृहस्थाने विचारले, "आणि ती मुलगी, भन्ते?"

"ती तू होतास."

समोरच्या जिवाकडे लक्ष असणे, याला अप्रमाद म्हणतात. बोधिसत्त्वाने त्या जन्मी तो पाळला. त्यामुळे एक जीव वाचला. घर वाचले नाही.