दोघांची करवत

“म्हणजे मी चुकलो का बरोबर केलं, एवढंच सांगा ना बुवा! हो किंवा नाही. बास.”

केरबाबुवांनी मान वर केली नाही.

आडव्या पडलेल्या फणसाच्या खोडापाशी ते उकिडवे बसले होते आणि मोठ्या करवतीच्या दातांना कानस मारत होते. कर्र... कर्र... एकेका दाताला दोनदा. घाई नावाची चीज या माणसाला कुणी दाखवलीच नव्हती.

पराग उपळेकर तिसऱ्यांदा विचारत होता. पहाटे पुण्याहून गाडी हाणत निघालेला, आजऱ्याच्या पुढं डांबर संपलं तिथं गाडी सोडली आणि उरलेली टेकडी धापा टाकत चढला. बुवांचा मठ म्हणजे तरी काय? कौलारू खोली, एक ओटा, खाली झरा. लहानपणी आई त्याला इथं आणायची. पाया पड म्हणायची, तो पडायचा, आणि लक्ष सगळं गूळ-खोबऱ्याच्या वाटीकडं!

आज वाटी दिसत नव्हती. आणि पाच वाजायला फक्त दीड तास उरला होता.

“पाच वाजता काय हाय?” बुवांनी विचारलं. चला, निदान एवढं तरी विचारलं.

“पाचला आमच्या डायरेक्टरसाहेबांचा फोन येणारे. राजीनामा मागे घेतो का नाही ते सांगायचंय. आज शेवटची मुदत. उद्यापासून माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस.”

“बसंना का. खुर्ची बसायलाच असती.”

“अहो, अठरा वर्षं बुवा! एकाच कंपनीत! पंप बनवतो आम्ही. ट्रेनी म्हणून लागलो, आज सगळा कारखाना माझ्या हाताखाली आहे. होता. आहे... म्हणजे तेच तर विचारायला आलोय!”

कर्र... कर्र...

मग परागनं एका दमात सगळं ओकून टाकलं. बोलता बोलता तो खोडाला प्रदक्षिणा घालत होता, मोबाईल उंच धरून. कारण या सबंध टेकडीवर रेंज कुठं येते, तर नेमकी या पडलेल्या फणसापाशी! खोलीत नाही, ओट्यावर नाही, इथं.

तर झालं होतं असं. महिन्याभरापूर्वी तो उगाच लवकर सुटला आणि लाडात येऊन लेकीला आणायला शाळेत गेला. जुई, वय वर्षं अकरा. गेटवर वॉचमननं अडवलं.

“कार्डावर तुमचा फोटो नाही साहेब.”

“अरे, मी बाप आहे तिचा!”

“असाल साहेब. पण कार्डावर आई आहेत आणि व्हॅनवाले काका आहेत.”

शेवटी जुईनं येऊन साक्ष दिली. “हो काका, हे बाबाच आहेत माझे.” मागं चार-पाच आया उभ्या होत्या. एकीला हसू आवरेना.

परागनं त्याच आठवड्यात राजीनामा टाईप केला. आता घर! आता बायको, मुलगी, जेवणाचं टेबल, संध्याकाळचा चहा! साठलेली रजा टाकली आणि आठ दिवस घरी बसला.

“मग?” बुवा म्हणाले.

“मग काय... मी मदत केली.”

“काय केलंस?”

“स्वयंपाकघर लावलं. कारखान्यात हत्यारांची मांडणी असते ना, तशी. जे जास्त लागतं ते कमरेच्या उंचीवर, जे कमी लागतं ते वर. सगळ्या डब्यांना छापील लेबलं. जुईसाठी हॉलमध्ये पांढरा बोर्ड लावला. अभ्यास, खेळ, दूध, सगळं वेळेसकट. अहो, माणसं पैसे मोजतात असल्या गोष्टींसाठी!”

“आनि?”

पराग थांबला. मोबाईलकडं बघितलं. खिशात घातला. परत काढला.

“परवा जुई मांडीवर येऊन बसली. गळ्यात हात टाकून म्हणाली, बाबा, तू सोमवारपासून जाणार ना ऑफिसला?... अगदी प्रेमानं विचारलं हो. तेच जास्त लागलं.”

“आनि घरधनीण?”

“तनुजा? ती बोलतच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी तूरडाळीचा डबा शोधत उभी होती. सापडला तर लेबल वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि काहीच न बोलता डाळ धुवायला घेतली.” त्याचा आवाज चढला. “राजीनामा दिला कुणासाठी? यांच्यासाठी! आणि यांनाच मी घरात नकोय! मग कशासाठी सोडायचं सगळं? तिकडं निदान दोनशे माणसं माझी वाट बघतात. सांगा ना, घेऊ मागे? का नको?”

बुवांनी कानस खाली ठेवली. दातांवरून अंगठा फिरवला.

“हौसा,” त्यांनी हाक मारली.

झऱ्याकडून हौसाक्का आल्या. मठाचं चूल-पाणी त्याच बघायच्या. पासष्टीच्या असतील, काडीसारख्या. डोक्यावर घागर, आणि ती घेऊनच पाय उचलून खोड ओलांडलं. वादळात फणस नेमका झऱ्याच्या वाटेवर आडवा झाला होता. तेव्हापासून आक्का अशीच खोड ओलांडून पाणी आणत होत्या, आणि दोघं मिळून रोज थोडं थोडं कापत होते.

“माझी पाठ धरलीया,” बुवा परागला म्हणाले. “तू धर ह्या बाजूनं.”

“मी? अहो, मी प्रश्न विचारतोय...”

“व्हय. धर.”

आता करवत म्हणजे ती हातात मावणारी नव्हे बरं का. पुरुषभर लांब पातं आणि दोन्ही टोकांना उभ्या लाकडी मुठी. एक माणूस इकडं, एक तिकडं, मधे खोड.

परागनं मोबाईल खोडावर नीट ठेवला, रेंज तपासली, बाह्या दुमडल्या. समोर हौसाक्का घागर उतरवून मूठ धरून उभ्या राहिल्या. त्या मनगटांकडं बघून त्याला कसंतरीच झालं. रोज जिमला जाणारा बेचाळीस वर्षांचा गडी तो.

“आक्का, तुम्ही नुसतं धरून ठेवा हं. मी करतो.”

आक्कांनी बुवांकडं बघितलं. बुवांनी आभाळाकडं.

परागनं सपकन करवत ओढली. दात लाकडात चावले, पिवळाधमक भुसा उडाला. वा! आणि आक्का आता ओढणार, तेवढ्यात त्यांना हातभार म्हणून यानं दिली जोरात ढकलून.

पातं मधोमध कमानीसारखं वाकलं. टण्णकन आवाज झाला. आक्का दोन पावलं मागं झोकांडल्या.

“अवं पावणं! मला पाडताय का काय?”

“सॉरी सॉरी! मी मदत करत होतो.”

“व्हय, कळलं की.”

पुन्हा सुरू. पुन्हा ओढली, पुन्हा ढकलली, आणखी जोरात. या वेळी करवत लाकडात अशी काही रुतली, की ना इकडं ना तिकडं. परागनं पाय लावून हिसके मारले. कपाळावरून घाम निथळायला लागला. घड्याळात सव्वाचार.

बुवा उठले, फटीत लाकडाची पाचर ठेवली आणि दगडानं हलकेच ठोकली. फट उघडली. पातं मोकळं झालं.

“ढकलू नगं,” ते म्हणाले.

“मग त्या ओढतात तेव्हा मी करायचं काय?”

“काय न्हाई.”

“काहीच नाही?”

“काहीच न्हाई.”

काहीच नाही! अठरा वर्षांत हे काम त्याला कुणी दिलेलंच नव्हतं. फोनवर बोलताना तो मेल लिहायचा, मेल लिहिताना जेवायचा. झोपेतसुद्धा दात आवळायचा, असं डेंटिस्टनं सांगितलेलं.

बरं. काहीच नाही तर काहीच नाही! परागनं ओढली, आणि आपलं काम झाल्यावर सरळ मूठ सोडून दिली. दोन्ही हात मोकळे. लगेच मोबाईल उचलून बघितला. फोन आला नव्हता.

इकडं आक्कांनी ओढायला घेतली तर सुटं टोक फडफडायला लागलं, पातं वळवळलं आणि फटीतून उसळून बाहेर आलं. मूठ परागच्या गुडघ्यावर बसली. खाडकन!

“आई गं!”

“लागलं व्हय?” आक्का म्हणाल्या. कनवटीची सुपारी काढून त्यांनी तोंडात टाकली. “एकटीनंच ओढायची तर बुवांची पाठ धरल्यापास्नं मी ओढतीयाच की. तुमी कशाला आलासा मग एवढ्या लांबनं?”

पराग गुडघा चोळायचा थांबला.

टेकडीवर वारं सुटलं होतं. कुठंतरी एक खंड्या कर्कश ओरडून गेला.

“तुम्ही एकदा काय ते ठरवा ना!” तो बुवांवर उखडला. “ढकललं तरी चूक, सोडलं तरी चूक! धरायचं का सोडायचं?”

बुवा पाचरेवर चढलेला भुसा फुंकत होते. ऐकलं का नाही, कळायला मार्ग नाही.

“यील, यील,” आक्काच म्हणाल्या. “धरा.”

त्यानं धरली.

ओढली. मग थांबला. हात मुठीवर, पण जोर नाही. जमेना! आक्का ओढायला लागल्या की याचे दंड आपोआप ताठ व्हायचे. बोटांना नुसती खाज सुटायची. किती हळू ओढतात या! किती तो वेळ! मी एका दमात... नाही. थांब. त्याची मूठ आक्कांच्या मागं मागं जायची, रिकामीच, आणि ते रिकामं जाणं त्याला ओझं उचलण्याहून जड वाटायचं.

दहा वेळा. वीस वेळा. मधेच एकदा ढकललं गेलं, पातं कुरकुरलं, आक्कांनी नुसत्या भुवया वर केल्या.

आणि मग... कसं कोण जाणे, पण करवत बोलायला लागली. खर्रर्र इकडं. खर्रर्र तिकडं. दोन्हीकडं एकच आवाज. पिवळ्या भुशाचे दोन ढीग, एक त्याच्या पायाशी, एक आक्कांच्या. पराग बघतच राहिला. आपली शक्ती अर्धीसुद्धा लागत नाहीये आणि खोड दुप्पट कापलं जातंय, हे त्याच्या हिशेबात बसेना.

तेवढ्यात मोबाईल थरथरला. खोडावर गर्रकन फिरला.

पाच वाजायला दोन मिनिटं! आलाच वाटतं! परागनं एका हातानं झडप घातली.

डायरेक्टरसाहेब नव्हते. तनुजा होती.

आक्का थांबल्या. पदरानं कपाळ पुसलं. एक हात मुठीवर तसाच. परागचाही तसाच राहिला होता.

“पोचलास?”

“हो.”

“जेवलास का काही?”

“हो... म्हणजे नाही.”

पलीकडं डब्याचं झाकण वाजलं.

“ऐक ना. जुईनं तुझा बोर्ड पुसला. सगळा. आणि त्यावर मांजर काढलंय. मी ओरडले नाही तिला.”

परागनं तोंड उघडलं... आणि मिटलं.

“आणि मी डबे परत होते तसे लावले. लेबलं काढतेय, पण त्याचा तो चिकटपणा जातच नाहीये.”

खोबरेल तेल! दोन थेंब, कापसावर, दोन मिनिटांत साफ! अगदी जिभेच्या टोकावर आलं त्याच्या. मुठीवरचा हात आवळला गेला. पातं किंचित वाकलं, आणि समोर आक्कांनी भुवया वर केल्या.

त्यानं हात सैल केला. तेल गिळलं.

“पराग? आहेस का?”

“ऐकतोय.”

आता तिचा आवाज आला तो वेगळाच, बारीक.

“चौदा वर्षं मी एकटीनं केलंय रे हे सगळं. मला राग नाही आलेला. खरंच नाही. फक्त... कुणी मधे आलं की माझा हातच थांबतो. मला सवयच नाहीये...”

टुक टुक. टुक टुक. मधेच दुसरा फोन वाजायला लागला. परागनं कानापासून मोबाईल लांब धरून बघितलं. डायरेक्टरसाहेब. बरोब्बर पाच.

नाव चमकत होतं. अठरा वर्षं या नावासाठी त्यानं अंघोळीतून धावत येऊन फोन उचलला होता. आत्ताही अंगठा उठला. तसाच हवेत राहिला...

टुक टुक. टुक टुक.

बंद.

“कुणाचा फोन येतोय का तुला? घे हवं तर.”

“नाही. बोल तू.”

तनुजा एकदम घाबरल्यासारखी म्हणाली, “तू काहीच कसा बोलत नाहीयेस? बरा आहेस ना? पराग?”

परागनं मोबाईल छातीशी दाबला. त्यानं बुवांकडं बघितलं आणि अगदी हळू, पहिल्यांदाच हळू, विचारलं, “बुवा... आता काय बोलू?”

केरबाबुवांनी पाचर आणखी एक बोटभर आत सरकवली.

“तिचं ओढून हुदे... मूठ सोडू नगंस.”