रोहकाचे बाळपीठ

पूर्वी चंपानगरीवर सुबाहू राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्म घेऊन तिथल्या आरोग्यशाळेत लेकरांना तपासत असत. शाळेला अन्न पुरवी रोहक नावाचा व्यापारी. रोग्यांचे आणि वैद्यांचेही जेवण त्याच्याच चुलीवर शिजे.

रोहक गूळ घातलेले बाळपीठ विकी. उष्टावणाचा पहिला घास याच पिठाचा द्यावा, असे वैद्यांनी सांगावे ही त्याची इच्छा. वैद्यांनी काही लेकरांना पीठ चारून पाहिले. लेकरांनी चांगले बाळसे धरले. मग काय, सगळे वैद्य हो म्हणाले, बोधिसत्त्वसुद्धा. मोठे वैद्य सांगतात म्हटल्यावर आया दुसरे काय देणार?

एके दिवशी उत्पला नावाची बाई तान्ही लेक घेऊन आली. पोर वाळून काडी झाली होती.

"काय देतेस हिला?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"तुम्ही सांगितलेलं पीठच की, वैद्यबाबा. पाण्यात कालवून. पीठ घेतल्यावर दुधाला काही उरतच नाही. माझं काही चुकलं का हो?"

बोधिसत्त्व चपापले. तपासणीत लेकरांना पीठ दुधात कालवून दिले होते, आणि ते दूध रोहकाच्या गोठ्यातले. बाळसे दुधाचे, नाव पिठाचे!

"तुझं नाही बाई, आमचं चुकलं. पीठ बंद कर. दूध मी राजाच्या गोठ्यातून मागून देतो. मुगाचं कढण, मऊ भातही दे."

राजसभेतही त्यांनी हेच सांगितले. रोहक हसला. "वैद्यबुवा, खाल्ल्या मिठाला जागा जरा! उद्या चूल विझवली तर रोगी काय तुमचं सत्य खातील?"

"ज्याच्या मालाचा निवाडा करायचा, त्याच्या घरचं आम्ही जेवायलाच नको होतं," बोधिसत्त्व म्हणाले. "जेवलो, म्हणून दूध दिसलं नाही."

रोहकाने खरेच चूल बंद केली. सकाळी बोधिसत्त्व झोळी घेऊन निघाले, तर दारात बायाच बाया. कुणाच्या पदरात तांदूळ, कुणाच्या मूग.

"घ्या हो, आमच्याच पोरांसाठी आहे."

उत्पलेची लेक हळूहळू भरली, पाळण्याला धरून उभी राहिली. ते पाहून रोहक एक दिवस दुधाची घागर घेऊन आला.

"ही राजाच्या गोठ्यात दे, तिथल्या दुधात मिसळू दे," बोधिसत्त्व म्हणाले. "यापुढे कुणाचं दूध ते आम्हाला कळू नये."

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, ती उत्पला आज आजाऱ्यांची सेवा करणारी भिक्षुणी आहे. विहाराच्या दारात नाव न सांगता धान्य ठेवून जाणारा उपासक, तो रोहक. वैद्य मीच होतो. आपली चूक दिसताच ती चारचौघांत बोलून दाखवणे, ही सत्यपारमिता. तिच्याच बळावर ते लेकरू जगले."