साळिंदराचे एक पान

एका डोंगराळ जंगलात एक म्हातारी साळुंकी शाळा चालवीत असे. मुलांनो, तिथल्या गोष्टी पळसाच्या पानांवर लिहिलेल्या असत आणि प्रत्येकाने रोज दहा पाने वाचायची, असा साळुंकीचा नियम होता. ससा ती भराभर संपवून खेळायला पळे. साळिंदराच्या पिल्लाला मात्र तिसऱ्या पानाशीच संध्याकाळ होई.

एके दिवशी साळुंकीने विचारले, "सातव्या पानात काय होतं रे?"

"वाचलंय बाई, पण आठवत नाही," ससा म्हणाला.

पिल्लाने मान खाली घातली. "बाई, तिसऱ्या पानापुढे मी वाचतच नाही. नुसती पानं उलटतो."

साळुंकीने दोघांची पाने बाजूला ठेवली. मग म्हणाली, "चूक माझी आहे. सगळ्यांना एकाच काठीने हाकत होते मी. ससोबा, उद्यापासून तू पाचच पानं वाच, पण शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मला गोष्ट सांग. आणि बाळा, तू एकच पान वाच. पण एकही अक्षर सोडायचं नाही."

"पाचच? मी काय बिगरीत आहे?" ससा फुरंगटला आणि पूर्वीसारखाच दहा पाने उरकत राहिला. पिल्लाला तर सगळे हसले, "एकच पान!" त्याचे काटे रागाने उभे राहिले, पण ते जागचे हलले नाही. रोज सकाळी ते अक्षराखाली नखी धरून बसे. जोडाक्षर अडले की पुन्हा मागून सुरुवात करी. पंधरा दिवसांनी ते आपणहून म्हणाले, "बाई, उद्या दोन द्या." उन्हाळा लागेपर्यंत ते चार पानांवर आले.

त्या उन्हाळ्यात गवत वाळले. सगळे नव्या कुरणाच्या शोधात निघाले. वाट फुटते तिथे, पुढे गेलेल्या हरणांनी झाडाच्या सालीवर दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. 'या वाटेला कोवळे गवत आहे,' एवढी पहिली ओळ वाचून सशाने उडी ठोकली. पिल्लू मात्र अजून वाचतच होते. "पण... गव... तात... फा... से..." ते जिवाच्या आकांताने ओरडले, "ससेदादा, थांब! फासे आहेत!"

ससा थबकला. तारेचा फास त्याच्या पायापासून वीतभरच दूर होता.

दुसऱ्या दिवशी ससा सर्वांच्या आधी शाळेत आला. "बाई, माझी पाच पानं द्या."

मागून पिल्लू म्हणाले, "आणि आजपासून मलाही पाच!"

तात्पर्य : ध्येय ज्याच्या त्याच्या पावलाच्या मापाचे असावे, मग जिद्द त्याला पुढे नेते.