सूनबाईचा रविवार

आमच्या गावात माझ्याइतका बाजार कोणाला जमत नाही. मला लांबून बघितलं की भाजीवाल्या लगबगीनं कामाला लागतात, म्हणजे किडकी वांगी वर काढून ठेवतात.

आठवडाभर रात्री काय शिजायचं ते मीच ठरवतो आणि तसा बाजार आणतो. परवा एकेकाच्या आवडीला एकेक वार वाटला: पोराला अंड्याची आमटी दिली, नातीला पावभाजी, कारभारणीला पिठलं. तीन दिवस स्वतःकडं ठेवले. राहिला रविवार. सून उज्ज्वला चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. इतक्या वर्षांत पोरीनं स्वतःसाठी काही मागितलं नाही, ते मला टोचत होतं. म्हणून डिवचलं.

"सूनबाई, रविवार तुझा. पण या घरात तू कधी खाल्लं नाहीस असं सांगायचं, आणि माझ्या पिशवीला ओझं नको. जमलं नाही तर रविवारी कारलं."

कारलं तिला बघवत नाही.

"छळू नका हो तिला," कारभारणी म्हणाली.

उज्ज्वलानं टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून काढून माझ्या ताटात वाढली.

"आबा, मला ही पाहिजे. तव्यावरची, गरम."

"अगं, ही तर रोजच असते."

"तुमच्या ताटात असते. मी जेवायला बसते तोवर गार झालेली असते. रविवारी तुम्ही थापा, मी ताटावर बसते. पीठ घरात आहे, पिशवीला काही ओझं नाही. तुमच्या बोटांना थोडा चटका बसेल, तेवढाच."