मावळत्या सूर्याला हाक मारणारी केतकावती

एक होता राजा. पण राज्य चालवायची त्याची लेक, बरं का! राजाचं नाव रुद्रसेन आणि लेकीचं नाव केतकावती. समुद्राच्या काठाला त्यांचा महाल. राजा आता खूप म्हातारा झाला होता. तरी सकाळी कसा छान असायचा! बागेत हिंडायचा, माळ्याची थट्टा करायचा, लेकीनं दिलेली पेज भुरके मारत प्यायचा. पण दुपार कलली की...

पांघरूण घ्या आधी. घेतलं? हां, ऐका मग.

दुपार कलली, खांबांच्या सावल्या लांब झाल्या, की राजा उठायचा आणि येरझाऱ्या घालायला लागायचा. "माझी काठी कुठाय? मला घरी जायचंय! आई वाट बघत असेल." आता त्याची आई जाऊन कितीतरी वर्षं झालेली. आणि घरी म्हणाल, तर तो घरातच होता की! मग भिंतीवरच्या सावल्यांकडे बघून ओरडायचा, "हे कोण शिरलेत आत? पकडा त्यांना!" सांज झाली की रोज असंच.

केतकावतीनं आधी काय केलं? समजावलं. "बाबा, हेच आपलं घर. आजी कधीच देवाघरी गेली." तर राजा मटकन खाली बसला. आई गेल्याचं त्याला जणू आत्ताच कळलं! लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली आणि पुन्हा, "मला घरी जायचंय!" पुन्हा तिनं सांगितलं, पुन्हा तो तेवढाच रडला.

मग तिनं दारं लावून घेतली. बाहेर भालेवाले उभे केले. झालं! राजाला वाटलं, शत्रूनंच कोंडलं आपल्याला. दारावर मुठी आपटून आपटून हात सोलून निघाले बिचाऱ्याचे. केतकावतीनं त्यांना हळद लावली, आणि मग तिलाच रडू फुटलं. तिनं भालेवाले काढून टाकले.

आता करायचं काय? ती विचारात पडली. हे सगळं होतं कधी? सूर्य मावळताना. मग त्यालाच विचारते ना!

तिची घोडी होती वावटळ. नाव वावटळ, चालही तशीच! संध्याकाळी टाकली मांड आणि निघाली की हो सूर्याच्या मागं! टगडक टगडक, टगडक टगडक. नारळीची बनं मागं पडली. वाळू मागं पडली. ओहोटी लागली होती, तर समुद्रातल्या ओल्या वाळूवरून घोडी पळतेय, दोन्ही बाजूंना पाणी उसळतंय! समोर सूर्याचा रथ, त्याची चाकं लाटांना टेकायला आलेली.

"थांबा, सूर्यदेवा!" पहिली हाक. सूर्य आपल्याच नादात.

"अहो थांबा!" दुसरी हाक. घोड्यांनी फक्त कान टवकारले.

"माझे बाबा हरवतात हो रोज!" तिसरी हाक. आणि सूर्यानं लगाम खेचला. त्याला नमस्कार सगळेच करतात, पण थांबा असं कुणी म्हटलंच नव्हतं आजवर!

"काय झालं, पोरी?"

केतकावतीनं धापा टाकत सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबांना बरं करा."

सूर्य म्हणाला, "ते औषध माझ्याकडे नाही गं. म्हातारपणी कुणाकुणाच्या डोक्यात असं धुकं उतरतं. दिवसभर तो माझ्या उजेडात वाट काढत असतो, त्यात दमून जातो. मी निघालो की सावल्यांची माणसं दिसतात त्याला. तो खोटं बोलत नाही आणि हट्टही करत नाही. तो घाबरतो."

"मग मी काय करू?"

"सकाळी त्याला माझ्या उन्हात भरपूर हिंडव. दुपारी फार झोपू देऊ नकोस. मी जायच्या आधीच दिवे लाव, म्हणजे सावल्या वाढायच्याच नाहीत. आणि घरी जायचं म्हणाला, तर वाद नको घालू. त्याच्याबरोबर चार पावलं चाल."

एवढं बोलला आणि एकदम ताठ उभा राहिला. "पोरी, मागं बघ! तुझा बाप खाडीत शिरलाय!"

अगं बाई! महालात सगळे दिवाबत्तीच्या गडबडीत, आणि राजा निघाला होता घर शोधायला!

"तुम्ही बुडालात तर अंधारात मला ते दिसायचे नाहीत!" केतकावती ओरडली.

"मी एक पाय वर ठेवून थांबतो. पळ तू!"

आणि काय सांगू, त्या दिवशी सूर्य मावळेचना! बगळे घरट्यापाशी जाऊन परत फिरले. गाई वाटेतच उभ्या राहिल्या. आणि वावटळ अशी सुटली, अशी सुटली, की तिचे खूर वाळूला लागेनात! इकडे राजा पुढं पुढं चाललेला, पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं. मग कमरेपर्यंत आलं. छातीला लागणार, तेवढ्यात केतकावतीनं घोडीवरून पाण्यात उडी टाकली!

"बाबा, हे काय करताय!" असं अगदी ओठांवर आलं होतं तिच्या. पण तिनं ते गिळलं. जवळ गेली आणि हळूच विचारलं, "कुठं निघालात?"

"घरी. आई वाट बघतेय."

"काय केलं असेल त्यांनी आज?"

राजा थांबला. "शिरवळ्या. तांदळाच्या शेवया, नारळाच्या रसातल्या. मी गेल्याशिवाय ती जेवत नाही."

"फार माया तुमच्यावर."

"फार!" राजाचा चेहरा उजळला. "तू कोण गं?"

केतकावती हसली. "मी तुमच्याच वाटेनं चाललेय. मला पाण्याची भीती वाटते. माझा हात धराल?"

झालं! राजानंच तिचा हात घट्ट धरला. "घाबरू नकोस, मी आहे," म्हणाला, आणि तिला जपून जपून काठावर घेऊन आला. मगच सूर्यानं पाय आत घेतला. डुबुक!

त्या दिवसापासून महालाची रीतच बदलली. उन्हं पिवळी व्हायच्या आत दिवे लागायचे. आवाजानं राजा दचकू नये म्हणून रोजचे ढोल-नगारे संध्याकाळी बंद. राजा घरी जायला निघाला, की लेक हात धरून बागेला फेरी मारायची आणि त्याच्या आईच्या गोष्टी ऐकायची. फेरी संपेपर्यंत तो निवायचा. काही संध्याकाळी नाहीच निवायचा, बरं का. मग ती नुसती जवळ बसून राहायची. तिचं नाव त्याला कधी आठवायचं, कधी नाही. पण तिचा हात दिसला की तो धरायचाच.

अशी ती दोघं पुढं पुष्कळ दिवस सुखानं राहिली. तुम्हीही तशीच राहा. चला, मिटा डोळे. सूर्य केव्हाच झोपलाय.