गोदाक्काचे दहा मासे

एका गावात एक भोळा गडी होता, असं गोष्टीत सांगतात. बोरजाईत तो खरोखरच होता. निवृत्ती त्याचं नाव. अंगानं रेड्यासारखा, मनानं देवमाणूस आणि डोक्याचं म्हणाल तर ते टोपी घालायला उपयोगी पडायचं. एक गुण मात्र मोठा होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथंच होता.

निवृत्ती गोदाक्काकडं कामाला होता. गोदाक्काच्या परसात कमरेइतकं खोल तळं होतं आणि तळ्यात दहा रंगीत कोई मासे. तिच्या नवऱ्यानं, तात्यांनी, ते बोटाएवढे असताना एसटीतून मांडीवर घागर धरून आणले होते. तात्या गेले, मासे राहिले. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्याचं नाव शेंदऱ्या. गोदाक्का रोज सकाळी त्याला घरची सगळी हकिकत सांगायची आणि तो तोंड उघडून ऐकायचा.

तिचा मुलगा मुकुंद पुण्याला. त्यानं नवी मोटार घेतली आणि पाडव्याला येऊन म्हणाला, "आई, या वयात तुला हा व्याप झेपत नाही. तळं बुजवू. मोटार उभी करायला जागा होईल."

"मी डोळे मिटल्यावर बुजव."

"बरं, मग संक्रांतीला येऊन मोजीन. दहातला एक जरी कमी भरला, तर मुरमाचा ट्रक बोलावणार. कबूल?"

गोदाक्का हट्टाची. "कबूल," म्हणाली. मग तिची नजर निवृत्तीकडं गेली आणि तिनं मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलून टाकला.

चैत्र सरला. ऊन मी म्हणू लागलं. गोदाक्कानं सांगितलं, "निवृत्ती, दुपारी तळ्यावर सावली कर हो. पाणी तापलं की मासे मरतात."

दुपारी ती झोपून उठून पाहते तो काय! निवृत्ती छत्री उघडून तळ्यात उभा. मासे पळतील तिकडं छत्री घेऊन हा त्यांच्यामागं.

"अरे खुळ्या! चार बांबू रोवायचे, वर झावळ्या टाकायच्या आणि आपल्या घरी जायचं!"

"बरं अक्का. पुढच्या वेळी चूक नाही."

आणि खरंच, तीच चूक निवृत्तीनं पुन्हा कधी केली नाही. त्याला नवी सुचायची.

पुढच्या आठवड्यात गोदाक्कानं अंगणात दोनशे पापड वाळत घातले आणि ती दोन दिवस लग्नाला गेली. निवृत्तीनं पाहिलं, ऊन कडक आणि पापड बिचारे उघडे. त्यानं चार बांबू रोवले, वर झावळ्या टाकल्या आणि आपल्या घरी गेला. गोदाक्का परतली तेव्हा पापडांना मिशा फुटल्या होत्या, हिरव्या.

"अरे माझ्या कर्मा! उन्हात ठेवलेलं उन्हातच राहू द्यावं! कावळा चोच मारील म्हणून वर फक्त जाळी टाकावी!"

"बरं अक्का. पुढच्या वेळी चूक नाही."

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. पाणी वाहून जातं त्या तोंडाला गोदाक्कानं भिजत, शिंकत स्वतःच जाळी बांधली. निवृत्तीला तिनं त्या दिवशी मुद्दाम गिरणीत पाठवलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला कोवळी उन्हं पडली. शेजारच्या पारूवहिनीनं तान्ह्या बाळाला तेल लावून घटकाभर उन्हात बाजेवर निजवलं आणि ती दुपटं आणायला आत गेली. निवृत्तीनं पाहिलं. उन्हात ठेवलेलं आहे. पेरूवर कावळाही आहे. त्यानं जाळी आणली, बाजेवर टाकली आणि चारी कोपरे धोंड्यांनी दाबले. बाळानं असा टाहो फोडला की आळी गोळा झाली. पारूवहिनीनं निवृत्तीचा जो उद्धार केला तो इथं सांगण्यासारखा नाही.

"अरे, एवढा जीव तोंड उघडून आकांत करतोय," गोदाक्का म्हणाली, "आणि तू जाळी दाबत बसलास? कुणी तोंड उघडलं की आधी त्याच्या पोटाचं बघावं!"

"बरं अक्का. पुढच्या वेळी चूक नाही."

मग थंडी पडली. मासे तळाशी जाऊन बसले. एका दुपारी शेंदऱ्या उन्हाला वर आला आणि त्यानं तोंड उघडलं. निवृत्तीनं भाकरी कुस्करून घातली. त्यानं पुन्हा तोंड उघडलं. मासाच तो, उघडणारच! निवृत्तीनं पाच भाकऱ्या आणि वर वाटीभर झुणका घातला. दुसऱ्या दिवशी शेंदऱ्या पोट फुगून एका कुशीवर तरंगत होता.

गोदाक्का मटकन काठावर बसली. "हा गेला तर तळं गेलं रे निवृत्ती. तात्यांचं एवढंच राहिलंय माझ्याकडं."

निवृत्तीही हमसून रडला. मग तिनं डोळे पुसले, निळ्या पिंपात मिठाचं पाणी केलं आणि शेंदऱ्याला त्यात ठेवलं. म्हणाली, "आता कान उघडे ठेवून ऐक. थंडीत यांना पचत नाही. कितीही तोंड उघडू दे, कण घालायचा नाही. आणि आजारी असो की बाहेरून आलेला असो, त्याला एकदम आत घ्यायचं नाही. काय रोग घेऊन आला असेल, देव जाणे! आधी मिठाचं पाणी, मग वेगळं ठेवायचं, वर जाळी. दिवस भरले की अलगद उचलून तळ्यात सोडायचं."

"बरं अक्का. पुढच्या वेळी चूक नाही."

शेंदऱ्या आठ दिवसांत बरा झाला आणि तळ्यात गेला. गोदाक्कानं गणपतीपुढं नारळ फोडला.

भोगीच्या आदल्या दिवशी तिची बहीण पाय घसरून पडली. गोदाक्का घराला कुलूप लावून, किल्ली निवृत्तीकडं देऊन धावली. आणि भोगीच्या पहाटे, एक दिवस आधीच, मुकुंद कुडकुडत दारात उभा राहिला.

"निवृत्ती, किल्ली दे."

"कुठून आलात दादा?"

"पुण्याहून. आणखी कुठून येणार?"

"म्हणजे बाहेरून," निवृत्ती म्हणाला आणि किल्ली कनवटीला खोचली. "एकदम आत घेता यायचं नाही. आधी अंघोळ."

पाणी कढत होतं, म्हणून मुकुंदनं ते खुशाल अंगावर घेतलं. डोळ्यांत गेल्यावर कळलं, ते खारट होतं. मग निवृत्तीनं त्याला रिकाम्या गोठ्यातल्या खाटेवर निजवलं आणि वर जाळी टाकली. मुकुंदला वाटलं, डासांसाठी असेल. कडी बाहेरून लागली तेव्हा मात्र त्याला काहीच वाटेनासं झालं. आईला फोन लावला, तर तो बंद घरात फडताळावर वाजत होता.

"निवृत्ती, जेवायला तरी दे!"

"थंडी आहे दादा."

"थंडीनंच भूक लागलीय!"

"कितीही तोंड उघडा. मी एकदा फसलोय," निवृत्ती खिडकीबाहेरून म्हणाला आणि तिथंच बसून त्यानं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाल्ली.

संक्रांतीला दुपारी गोदाक्का परतली. गोठ्यातून हाका ऐकून धावली. खिडकीतून तिनं तिळगुळाचा लाडू मुकुंदच्या हातात कोंबला आणि ओरडली, "मेल्या, कडी काढ!"

"दिवस भरले का अक्का?"

"भरले रे बाबा, भरले! काढ माझ्या लेकराला!"

निवृत्तीनं कडी काढली. मुकुंदला अलगद उचललं, घराच्या दारावरून पुढं नेलं आणि तितक्याच अलगद तळ्यात सोडलं.

मुकुंद कमरेएवढ्या पाण्यात लाडू उंच धरून उभा. तेवढ्यात तळाचा शेंदऱ्या हळूहळू वर आला आणि त्याच्यापुढं तोंड उघडून थांबला. एसटीतली ती घागर अर्धी तात्यांच्या मांडीवर होती, अर्धी आठ वर्षांच्या मुकुंदच्या. त्याला ते आठवलं. त्यानं लाडू मोडला.

"देऊ नका दादा!" निवृत्ती किंचाळला. "थंडी आहे!"

मुकुंदला हसू आवरेना. दात वाजत होते तरी तो हसत होता. "राहू दे आई तळं," म्हणाला. "मोटार चिंचेखाली लावीन."

"उपकार नकोत," गोदाक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली. "ठरलंय तसं मोजा. निवृत्ती, मोज रे."

निवृत्तीनं काठावर उभं राहून बोटानं एकदा मोजलं. मुकुंदवरून बोट फिरवत पुन्हा एकदा मोजलं. मग त्याचा चेहरा फुलला.

"अक्का, एकही कमी नाही! उलट एक वाढलाय. अकरा!"