बहाद्दर हत्तीची साक्ष

देवीच्या पायांवर हात ठेवून सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे हजर होतो. आता, तेव्हा माझे आजोबा पाळण्यात होते ते सोडा. पण हजर होतो!

चिंचणगडच्या राजेसाहेबांच्या हत्तीनं ठकू माळणीची केळीची बाग फस्त केली. ठकू तडक कचेरीत गेली आणि तिनं राजांवरच दावा लावला! न्यायाधीश होते विसाजीपंत. साध्या कारकुनीपासून चढत चढत या खुर्चीवर आलेले. पुढ्यात राजा आहे की रंक, हे बघायला त्यांची मानच वर होत नसे. राजे पार वैतागले होते. पण पंतांना काढणार कसं? सनद त्यांनीच दिलेली: 'मरेपर्यंत खुर्ची तुमची. मात्र नाव दिलेला एक जरी साक्षीदार न ऐकता निकाल दिलात, तर खुर्ची सोडायची!'

राजांनी मिशीतल्या मिशीत हसत साक्षीदाराचं नाव दिलं: बहाद्दर. म्हणजे तो हत्तीच!

"ऐका त्याची जबानी, नाहीतर सोडा खुर्ची! नाहीतर दावा ठेवा पडून. माझं काय जातंय?"

ठकूनं कपाळावर हात मारला. "आगं बाई! हत्ती बोलेस्तवर मी काय खाऊ?"

विसाजीपंतांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. तेवढ्यात दारावरचा पुकारा करणारा शिपाई तुळाजी खाकरला.

"सायेब, पुकारू का त्येला?"

"पुकार बाबा. तेवढं तरी होऊ दे."

"बहाद्दर हत्ती, हाजिर होऽऽऽ!"

माहुतानं हत्ती आणला. तो दारात मावेना, म्हणून डोकं कचेरीत आणि बाकीचा हत्ती रस्त्यावर.

"काय, बोलतोय का?" राजे खदखदले.

तुळाजी पुढे सरसावला. "बोलंल की सरकार! कानडी साक्षीदार आला की आपण दुभाष्या देतो, ह्येला बी देऊ. ह्येची भाषा येती कुणाला?"

राजांची छाती फुगली. "माझ्याशिवाय कुणाला येणार? एवढासा होता तेव्हापासून वाढवलाय. त्याच्या पोटातलं मला कळतं!"

"मग महाराजांनी शपथ घ्यावी," पंत म्हणाले.

आता माघार कशी घेणार? राजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, हत्तीच्या तोंडाला कान लावला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बहाद्दर म्हणतो, 'मी केळीला शिवत नाही. नुसत्या वासानं मळमळतं मला!'"

ठकूनं पुरावा म्हणून टोपलीत एक उरलासुरला घड आणला होता. तुळाजीनं तो हत्तीपुढे धरला.

"घे रं लेकरा, जरा मळमळून दाव!"

घड गेला. टोपली गेली. पाठोपाठ तुळाजीचं पागोटंही गेलं!

बोडक्या डोक्यानं तुळाजीनं हात जोडले. "सायेब, साक्षीदार सच्चा हाय! दुभाष्या बदला!"

कचेरीत हास्याचा कल्लोळ उठला. राजांनी डोळे वटारून बघितलं, पण ओठ ऐकेनात. शेवटी पिंजऱ्याचा कठडा धरून ते गदागदा हसू लागले.

"लिही रे कारकुना! बहाद्दर म्हणतो, खाल्ली! सगळी खाल्ली!"

पंतांनी जागच्या जागी निकाल दिला: राजांनी ठकूला नवी बाग लावून द्यावी आणि केळी धरेपर्यंत बहाद्दरनं सोंडेनं पाणी घालावं. पंत उठले ते थेट जेवायलाच. खुर्ची होती तिथेच राहिली. आणि राजांनी स्वतःच्या हातानं तुळाजीला जरीचं पागोटं बांधलं.

आता एक कबुली देतो. हत्तीनं तुळाजीचं पागोटं गिळलं, ही माझी भर. त्यानं ते नुसतं चघळून परत दिलं होतं.